नावाड्याचे आमंत्रण

दिवे गेले आहेत. येईपर्यंत बसा. सांगतो ते ऐकीव नाही. शहाताला मी कुराण शिकवले आहे, त्याने स्वतः मला हे सांगितले, आणि या गोष्टीचा शेवट मी स्वतः पाहिला आहे.

"मासळी बाजारामागचं तामियाच्या वड्यांचं दुकान, तिथलाच ना उस्ताद?" दाराशी बसलेला हसनैन म्हणाला. "वडे चांगले असतात, पण मालक भुंकतो."

तोच. आता मध्ये बोलू नकोस.

गेल्या वर्षी, हिवाळ्यातल्या मकनसा वादळाच्या दुसऱ्या रात्री, मंगळवारी, ईशाच्या नमाजानंतर शहाता दुकानात वड्यांसाठी बाकल्याचे भिजवलेले दाणे वाटायला निघाला. मालक अतरीस, ज्याला सगळे मुअल्लिम म्हणत, त्याचा हुकूम होता. वादळाने नावा बंदरात अडकल्या होत्या, पहाटे कोळी उपाशी येणार होते.

"मुअल्लिम, आज नको. आई एकटी आहे," शहाताने विनवले.

"आई एकटी आहे, आणि माझं काउंटर काय वरातीत आहे? जा, राजे!"

तो गेला.

आई एकटी का, ते आधी सांगितले पाहिजे. शहाताचे कोळी वडील केव्हाच वारले होते; त्याला धाकटा भाऊ होता, बयूमी. लहानपणी पडून त्याचा डावा हात वाकडा झाला होता, पाठीमागे पोहोचत नसे. त्याला कोणी काम देईना. शहाताच्या दुकानात मात्र दुसऱ्या माणसाची जागा रिकामी होती आणि त्याचा ॲप्रन खुंटीवर तसाच लटकत होता. बयूमी काउंटरशी येऊन विचारी, "दादा, बोललास का मुअल्लिमशी?"

"अरे, विचारायचं काय त्यात? केव्हाही ये. तुझा ॲप्रन खुंटीवर आहे."

अशा बोलण्याला आपण नावाड्याचे आमंत्रण म्हणतो. नाव भर पाण्यात, आणि नावाडी काठावरच्याला हाक मारतो, या जेवायला! शहाताने मालकाला एकदाही विचारले नव्हते. आपल्याच पाळ्या अर्ध्या होतील, ही भीती. तोंडदेखला दिलेला शब्दही अल्लाह ऐकतो, हे मी त्याला शिकवले होते. तो विसरला.

एके दिवशी बयूमी हसून म्हणाला, "ॲप्रनला माझा सलाम सांग, दादा." त्याच रात्री तो समुद्रापार निघालेल्या एका नावेत चढला. नाव पलीकडे पोहोचली नाही.

तीन आठवडे शहाता बंदरे आणि इस्पितळे धुंडाळत होता. तिथून येऊन काउंटरवर उभा राही आणि गिऱ्हाइकांना हसून वडे देई. आई दाराला कडी लावू देत नसे. "नसेल जिवंत तर नसू दे," ती म्हणे. "पण कबर तरी दाखव रे मला. कुठे बसून रडू मी?"

तर ती रात्र. लाटा रस्त्यावर येत होत्या. शहाताने बाकला वाटला, तेल तापत ठेवले आणि एक घाणा काढून पाहावा म्हणून वाटणात हात घातला. तेवढ्यात दिवे गेले. उरला तो चुलीचा निळा जाळ.

काउंटरपलीकडे कोणीतरी उभे होते.

"बंद आहे, बाबा," शहाता म्हणाला.

पाणी ठिबकत होते... फरशीवर.

"दादा."

शहाताचा हात वाटणात तसाच राहिला.

"तू म्हणाला होतास, केव्हाही ये..."

तो काउंटरला वळसा घालून आत आला. खुंटीशी गेला. ॲप्रन काढला. गळ्यात अडकवला. मग पाठ फिरवून उभा राहिला.

"बांध ना. माझा हात पोहोचत नाही."

शहाताने बंद हातात घेतले. कपडा कोरडा होता. त्याखालची पाठ... पाठ थंड होती. त्याने गाठ मारली. वडील जाळ्याला मारीत, तशी. घट्ट.

"बयूमी... मी मुअल्लिमला विचारलंच नव्हतं रे."

बयूमीने वाटणातून एक वडा थापला.

"माहीत होतं, दादा."

त्याने तो तेलात सोडला. तेल उडाले.

"आई..." शहाता कसाबसा म्हणाला. "आईला..."

दिवे आले.

दुकानात कोणी नव्हते. कढईत एक वडा तळला जात होता. खुंटी रिकामी होती.

सकाळी अतरीस ओरडला, "ॲप्रन पण विकून खाल्लास का रे?"

गुरुवारी वादळ निवळले आणि समुद्राने एक देह काठावर टाकला. चेहरा उरला नव्हता. वाकड्या हातावरून आईने ओळखले. आता तिला बसून रडायला कबर आहे. दर शुक्रवारी जाते.

अंत्यस्नान मी घातले. पाणी ओतणारा शहाता. देहावर दुकानाचा ॲप्रन होता. तीन आठवड्यांचा तो देह, आणि ॲप्रनवर तेलाचे डाग ओले. बंदांची गाठ पाठीवर होती. कोळ्यांच्या गाठी मी जन्मभर पाहिल्या आहेत. ही माझ्याने सुटेना. मी कात्री मागितली.

"थांबा, उस्ताद," शहाता म्हणाला.

त्याने तांब्या खाली ठेवला. डोळे मिटले. न पाहता एक टोक ओढले.

गाठ सुटली.