शीळ, फटीसकट

पक्ष्यांना दात नसतात, हे मला पहिलीपासून माहीत आहे. मग आमच्या ओढ्यावरचा कस्तूर पक्षी शीळ घालताना मधेच ‘फुस्स’ कसा करतो? दातातल्या फटीतून वारा निसटावा तसा?

अगदी अशी शीळ फक्त माझे आजोबा घालायचे. ते पक्ष्यांचे शास्त्रज्ञ. त्यांचा पुढचा एक दात पडला होता. नवा बसवा म्हणून मी त्यांच्या मागे लागायचे, पण त्यांना कंटाळा. गेल्या वर्षी ते गेले. त्यांची शीळ कुणी साठवून ठेवली नव्हती, आणि मला ती पुन्हा ऐकायची होती. फार आठवण यायची. म्हणून मी पहाटे ओढ्यावर येऊन बसायचे.

सोबत शहाणे असायचा. शहाणे हा आजोबांच्या पक्षीकेंद्रातला यंत्रमानव. नाव आजोबांनीच ठेवलेलं, चिडवायला.

एका पहाटे धबधब्याजवळच्या खडकावर कस्तूर उतरला. लांबून काळाकुट्ट, पण उजेड पडला की कपाळ आणि खांदे निळे चमकतात. त्याने एक खेकडा आपटून आपटून फोडला, खाल्ला आणि माणसासारखी लांबलचक शीळ घातली. मधे फुस्स.

शहाणेने सांगितलं, की कस्तूर गाणं आईच्या पोटातून शिकून येत नाही. लहानपणी त्याचा संवेदनकाळ असतो (म्हणजे कानावर पडेल ते गाणं मनात पक्कं बसण्याचं वय). तेव्हा मोठ्यांचं ऐकायचं, मग तोतरं गाऊन बघायचं आणि चुकतमाकत जमवायचं. आमचा ओढा आटला तेव्हा इथले कस्तूर संपले होते. पाणी परतल्यावर केंद्राने दुसऱ्या घाटातून अंडी आणून पिल्लं वाढवली, पण त्यांना शिकवायला बाप नव्हता.

“मग पडद्याआड बसून आजोबाच रोज शीळ घालायचे, रेवाताई,” शहाणे म्हणाला. “पिल्लांनी ती उचलली, फटीसकट.”

मला रडू आलं. हा कस्तूर म्हातारा होऊन गेला, की शीळही गेलीच ना? मी स्वतः घालून पाहिली. माझे दात सगळे जागेवर, फुस्स काही जमेना.

तेवढ्यात कपारीतून उत्तर आलं. यंदाचं पिल्लू होतं, मळकट, निळ्याचा पत्ता नाही. त्याची शीळ तोतरी, अडखळती. आणि मधे फुस्स.

त्याने आजोबांना कधी पाहिलंही नव्हतं.

“मोठं झालं की हे आपल्या पिल्लांना शिकवेल,” शहाणे म्हणाला.

मी डोळे पुसले. बरं झालं आजोबा, दाताचं माझं ऐकलं नाहीत.