मिटलेली चहादाणी

“टक्!”

पितरांच्या देव्हाऱ्यातून आवाज आला आणि शिगेबाईंच्या हातातल्या जेवायच्या काड्या भाताच्या वाटीवरच थबकल्या.

“ऐकलंस? आज तरी ऐकलंस ना गं?”

मित्सुएने आपली वाटी खाली ठेवली. आजवर सासूबाईंनी कितीदा तरी हेच विचारलं होतं आणि दर वेळी तिने ‘लाकूड फुगलं असेल, आई’ म्हणून विषय मिटवला होता. पण आज तिनेही तो आवाज ऐकला होता... अगदी स्पष्ट! देव्हाऱ्यापुढच्या उदबत्तीचा धूर सरळ वर जायचा सोडून बाजूच्या लाल चहादाणीकडे वळत होता आणि घरात वाऱ्याची झुळूकही नव्हती.

“ऐकलं, आई,” ती हळूच म्हणाली.

पितर घरी येण्याचे दिवस होते ते. काल संध्याकाळी दोघींनी दारात आग पेटवून त्यांना वाट दाखवली होती, त्यांनी लवकर यावं म्हणून काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला होता. शेजारची हिसा नमस्काराला आली आणि दरवर्षीची गोष्ट सांगून गेली. “तुमचा कोहेई हो! गेला त्याच्या महिनाभर आधी भर दुपारी माझ्याच घरात शिरला. ‘आलो गं आई, चहा टाक!’ म्हणाला आणि बसला की ऐसपैस! स्वतःचं घर ओळखेना, लबाड! फुकटचा चहा पिऊन गेला माझा!” त्यावर सगळ्या नेहमीसारख्या हसल्या होत्या.

कोहेई हा शिगेबाईंचा एकुलता एक मुलगा आणि मित्सुएचा नवरा. जपानातल्या त्यांच्या तोकोनामे गावात चहादाण्या करणारे घरोघरी, पण कोहेईच्या हाताला तोड नव्हती. चोचीच्या मुळाशी भांड्याच्या भिंतीला तो सुईने इतकी बारीक भोकं पाडायचा, की पानांचा चुरासुद्धा कपात उतरत नसे. ही लाल चहादाणी त्याच्या शेवटच्या भट्टीतली. चहादाणी भाजायची ती झाकण घालूनच, म्हणजे आगीत दोन्ही एकत्र आकसतात आणि झाकण आपल्याच भांड्याला बसतं. भट्टीतून निघताना ते चिकटलेलं असतं. लाकडाने हलकेच ठोकून सोडवायचं, मग ते फटीविना घट्ट बसावं म्हणून बारीक वाळू लावून घासायचं. मित्सुए लोकांची झाकणं घासूनच दोघींचं पोट भरत होती. फक्त या एका झाकणाला तिने कधी हात लावला नव्हता. त्यात माझ्या लेकराचा श्वास आहे, असं सासूबाई म्हणायच्या.

“उघड ती!” शिगेबाई आज मात्र ओरडल्या. “तो आत ठोकतोय! सांगू दे त्याला, डोकं धरून बसलेल्या माणसाला भट्टीकडे कुणी पिटाळलं ते! तुझ्या तोंडावर सांगू दे, महाराणी!”

अकरा वर्षांपूर्वी भट्टीच्या दारात कोहेई कोसळला होता, तो पुन्हा उठलाच नाही. प्रेतापुढे सगळ्या गावासमोर शिगेबाईंनी सुनेकडे बोट दाखवून हंबरडा फोडला होता, “हिनेच पाठवलं! हिनेच मारलं माझ्या बाळाला!” आणि मित्सुएने मान खाली घातली होती. त्याच सकाळी परसात कपडे वाळत घालताना तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, ‘डोकेदुखीचे काय लाड करतोस? ऊठ, भट्टी उघड!’ हे शब्द शिगेबाईंचे होते. पण प्रेतापुढे बोट दाखवताना त्या माऊलीच्या डोळ्यांत तिला जे दिसलं, त्यावरून तिला कळलं होतं, की हे सत्य उच्चारलं तर या घरातून आणखी एक प्रेत निघेल... तिने तो कलंक निमूटपणे कपाळी लावून घेतला. माहेरचे न्यायला आले, तेव्हा ‘आईंना कोण बघेल?’ एवढंच ती म्हणाली.

आणि आज? आज खरंच तो बोलला तर? एवढ्या वर्षांची तिची तपश्चर्या एका झाकणासरशी धुळीला मिळणार होती!

“आई, नको ना... राहू दे त्यांना सुखाने.”

“घाबरलीस? उघड म्हणते ना!”

तिने चहादाणी उचलली आणि ती दचकली. माती कोमट होती! लाकडाच्या ठोकळ्याने तिने कडेकडेने ठोकलं. टक्... टक्... आणि झाकण सुटताच कुणीतरी खूप वेळ कोंडलेला निःश्वास सोडावा तशी कोरडी, मातकट हवा तिच्या मनगटावर आली.

“बाळा!” शिगेबाई पुढे सरकल्या. क्षणभर त्या कान देऊन बसल्या. आतून काहीच आवाज आला नाही. “चहा कर त्यात. तो चहाच मागायचा घरात शिरला की.”

मित्सुएने चहादाणी विसळली, पानं घातली, कपात निववलेलं पाणी वर ओतलं. पानं उमलल्यावर तिने चहादाणी कपावर वाकवली. थेंब नाही. आणखी वाकवली. झाकणाच्या कडेने ओघळ आला, पण चोच मात्र कोरडीठाक!

“देत नाहीये तो,” शिगेबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “मला देत नाहीये! त्याला ठाऊक आहे... त्याला सगळं ठाऊक आहे!”

“काय ठाऊक आहे, आई?”

“मीच पाठवलं होतं गं त्याला!” म्हातारी चटईवर कोसळली. “मीच! त्या दिवसापासून ठाऊक आहे मला. तुझ्यावर ढकललं, आणि तू गप्प राहिलीस म्हणून ढकलतच राहिले... एकदा तरी उलटून बोलायचं होतंस, मेले!”

सासूबाईंना हे ठाऊक असेल, असं मित्सुएच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिचं लक्ष चोचीकडेच होतं. इतकी वर्षं झाकणांशी झटलेली तिची बोटं आपोआप चहात शिरली, आतून चोचीच्या मुळाशी गेली आणि तिथेच थांबली.

“आई... इथे भोकंच नाहीत.”

“काय?”

“त्यांनी भोकंच पाडली नाहीत. हात घालून बघा! सपाट भिंतीवर चोच चिकटवलीये.”

शिगेबाईंनी वाकडं झालेलं बोट आत घातलं आणि पुन्हा पुन्हा फिरवलं. “माझा कोहेई? हे विसरला?”

“भट्टीच्या कितीतरी आधीचं काम आहे हे. आणि त्याच सुमाराला ते हिसाच्या घरात शिरले होते, आई... लबाडी नव्हती ती! त्यांना खरंच आपलं घर ओळखता येत नव्हतं. डोक्यात काहीतरी तेव्हाच बिघडलं होतं... आणि आपण सगळ्या हसत बसलो!”

“म्हणजे मी...”

“तुम्ही नाही मारलंत त्यांना. कुणीच नाही मारलं!”

तेव्हा कुठे शिगेबाईंनी टाहो फोडला आणि सुनेच्या मांडीत डोकं खुपसलं. मित्सुएने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि इतक्या वर्षांत प्रथमच तीही सासूसमोर रडली.

चहा चोचीतून येणार नव्हताच. मित्सुएने झाकण काढून तो वरून, तोंडातूनच ओतला. एवढा वेळ आत राहून तो कडूजहर झाला होता. पहिला कप नेहमी देव्हाऱ्यापुढे जायचा. शिगेबाईंनी तो सुनेच्या हातात दिला.

“आधी तू पी. त्याला कळेल.”

नंतर मित्सुए झाकण घासायला वाळू काढू लागली, तशी शिगेबाईंनी तिचा हात धरला. “नको घासूस. राहू दे सैलसर. येता-जाता बरं पडेल त्याला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्सुए देव्हाऱ्यापाशी आली, तेव्हा झाकण चहादाणीशेजारी नीट काढून ठेवलेलं होतं.

“आई, झाकण तुम्ही काढलंत?”

“मी आत्ता उठतेय, बाई.”

दोघींनी उघड्या चहादाणीकडे पाहिलं. मग शिगेबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, चुलीवर पाणी ठेवलं आणि तीन कप मांडले. मित्सुए लगबगीने पुढे झाली, तर त्यांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

“बस गं. आज मी ओतते.”