न लागणारा वस्तरा

माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस टिकत नाहीत. वस्तऱ्याला धार लावली की ती तिथंच बघायची, ही माझी सवय. दीपाली, माझी बायको, म्हणते, "एक हात माणसाचा, एक सोललेल्या कोंबडीचा." लातुरात गंजगोलाईच्या मागं माझं छोटं दुकान आहे. जुनी कुलपं, अडकित्ते, वस्तरे दुरुस्त करून देतो. धार लावण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला कंधारच्या सरजाबाई त्यांच्या सासऱ्यांचा वस्तरा घेऊन आल्या. लेकानं नांदेडात सलून टाकलं होतं, तिथं काचेत मांडायचा होता. पातं गंजलेलं. मूठ म्हशीच्या शिंगाच्या दोन पातळ पट्ट्यांची, वाळून तडकलेली, कडेला किडीनं खाल्लेली. जरा जोरात धरली असती तर पापडासारखी मोडली असती.

"मूठ तेवढी जपा, दादा. लई नाजूक हाय," त्या म्हणाल्या. "आन् वस्तरा लागला न्हाई तर मनाला लावून घेऊ नका. सासरे ह्यो फकस्त दहाव्याला वापरायचे, नदीवर. ज्याचा बाप हाय त्याला ह्यो लागतच न्हाई."

मला हसू आलं. आमच्याकडं बाप असेपर्यंत पोरगा मिशी काढत नाही. बाप गेला की दहाव्याला डोक्याबरोबर तीही उतरते. माझी मिशी जागेवर होती, कारण अण्णा खणखणीत होते. निदान तेव्हा तरी. पण कुणाचा बाप आहे आणि कुणाचा नाही, हे लोखंडाला काय कळतं?

मूठ तिळाच्या तेलात मुरवली. पितळी खिळे कानसून काढले, तडे बुजवले, पट्ट्या पुन्हा हलक्या हातानं बसवल्या. शिंगाला तेलाचा काळसर उजाळा आला. पातं दगडावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर घासलं. वस्तऱ्यानं कागद चिरला, लोंबता दोरा तोडला. मी तो हातावर नव्यानं उगवलेल्या लवेवर फिरवला.

एक केस पडला नाही. केस नुसते वाकले आणि पुन्हा उभे राहिले.

माझ्या डोक्यात सणक गेली. पुन्हा दगड, पुन्हा पट्टा. तरी तेच. शेवटी शेजारचे किराणावाले सिद्धलिंगअप्पा चहाला आले, तेव्हा त्यांचं मनगट ओढून त्यावर फिरवला. पात्याखालची कातडी गुळगुळीत झाली.

"आयला, लई धार हाय की रे, शिवा!"

अप्पांचे वडील मी शाळेत असतानाच गेले होते. मी वस्तरा मिटून फडताळात ठेवला.

त्याच आठवड्यात अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? सरजाबाईंना आणखी थोडे दिवस लागतील म्हणून कळवलं आणि रोज सकाळी दुकान उघडलं की पहिल्यांदा वस्तरा हातावर फिरवू लागलो. केस पडत नव्हते. धार फसल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. यातलं कुणाला काही सांगितलं नाही. अण्णांना तर नाहीच; त्यांनी तो वस्तरा पाहिलासुद्धा नव्हता.

बालाजी, माझा धाकटा भाऊ, त्यांना घेऊन नांदेडला गेला. मी निर्धास्त होऊन मागं राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजीचा फोन आला, अण्णांना ऑपरेशनला आत नेलं होतं. मी वस्तरा फिरवून पाहिला. लागला नाही.

दुपारी लाईट गेली होती. पंखा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दारात सावली आली म्हणून मान वर केली, तर अण्णा.

"एवढ्यात?"

"सोडलं त्यांनी."

"बालाजी कुठंय?"

"यायलाय मागून."

ते स्टुलावर बसले. पायात चप्पल नव्हती. दवाखान्यातच विसरले असतील. चेहरा मात्र उजळलेला, श्वासाची घरघर अजिबात नाही. मला भरून आलं. सवयीनं फडताळातला वस्तरा घेतला, उघडला आणि त्यांच्याकडं बघत हातावर फिरवला.

हाताला थंड लागलं.

खाली पाहिलं. केसांची बारीक लव पात्यावर जमली होती. हातावर गुळगुळीत पट्टा उमटला होता.

मी पुन्हा फिरवला. पुन्हा लव पडली.

टेबलावर फोन थरथरू लागला. बालाजी.

"उचल की," अण्णा म्हणाले.

"राहू द्या, अण्णा. बसा जरा."

फोन थांबला. पुन्हा वाजू लागला. मी तो पालथा घातला. जोवर उचलत नाही, तोवर ते समोर बसलेले होते.

अण्णांनी माझ्या मिशीकडं पाहिलं. खूप वेळ, मायेनं.

"काढताना दाबू नको," ते म्हणाले. "मूठ लई नाजूक हाय."