बारा टक्के

माती आकसते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं. ओल्या मातीतलं पाणी उडालं की तिचे कण एकमेकांना बिलगतात, भट्टीत गेले की आणखी जवळ सरकतात. कॉलेजातल्या आमच्या मातीकामाच्या विभागात वापरतात ती माती बारा टक्के आकसते. सहा टक्के वाळताना, सहा टक्के भाजताना. म्हणून प्रत्येक वस्तू मुळात मोठी करायची असते. कपाचा कान तीन बोटांचा केला तर शेवटी त्यात दोनच बोटं जातात. यावर कुणी कुरकुर केली की मॅडम म्हणायच्या, "माती कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

माझा बाप शिंपी आहे, त्यामुळे हे सगळं मला इतरांपेक्षा लवकर पचलं. बाबा कापड आधी भिजवून वाळवतात आणि मगच कात्री लावतात. एकतीस वर्षांत त्यांचा एकही कपडा परत आलेला नाही. दुकानात गिऱ्हाईक शिरलं की टेप गळ्यातून काढायच्या आधीच ते मनाशी छातीचं माप ठरवतात, आणि टेप लावल्यावर तेच आलं की नाकातल्या नाकात हसतात. मोजायची खोड मला त्यांच्याकडूनच लागली. वर्गात मला सेंटिमीटर म्हणायचे. शेजारच्या चाकावर बसणाऱ्या मित्राला तड्या म्हणायचे, कारण त्याचं एकही भांडं भट्टीतून धड बाहेर आलेलं नव्हतं.

मी गर्विष्ठ आहे असं लोक म्हणतात. बरोबर म्हणतात. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात दालनाच्या मधोमध एकच चौथरा असतो, बाकीच्यांचं काम भिंतीलगत. तो चौथरा मला हवा होता. त्यासाठी मी रांजण घडवायचं ठरवलं, भाजून एकशे तीस सेंटिमीटर उंच, म्हणजे माझ्या खांद्याइतका. शेजारी उभं राहून त्याच्या काठावर हात टेकता यावा, एवढीच हौस. त्यासाठी ओला रांजण एकशे अठ्ठेचाळीस हवा होता. एवढं मोठं काम विभागात आजवर कुणी केलेलं नव्हतं.

"मधेच खचून बसला म्हणजे?" तड्यानं विचारलं.

"तुझा बसेल. माझा कशाला बसेल?"

मोठ्या कामाआधी प्रत्येकानं त्या मातीची एक पट्टी करून भाजायची असते. बोटभर रुंदीची पट्टी, तिच्यावर सुईनं ओढलेली बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ. भाजून झाल्यावर रेघ मोजायची की माती किती आकसली ते कळतं. तड्याची रेघ आठ पूर्णांक आठ भरली. सगळ्यांचीच तेवढी भरली. माझी दहाच राहिली.

मॅडमनी आपली फूटपट्टी आणून स्वतः मोजली. "रेघ नंतर ओढलीस."

"भाजलेल्या मातीवर सुई चालते का, मॅडम?"

त्यांनी पट्टीवर नखानं टिचकी मारली. पक्की भाजलेली माती वाजते तशी ती खणखणीत वाजली. माती वेगळी घेतली म्हणावं तर तड्याची आणि माझी पट्टी एकाच गोळ्यातून कापलेली. मॅडमनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. "असं होत नाही," एवढं म्हणून त्यांनी पट्टी माझ्या हातात ठेवली आणि हात ॲप्रनला पुसले.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतरांचं ऐकत नाही, माझं ऐकते, असं मी दिवसभर मनात म्हणत होते. त्याच आठवड्यात हात धुताना डाव्या करंगळीतली अंगठी निसटून गाळाच्या बादलीत पडली. दोन्ही तळहात जुळवून पाहिले तर डावी करंगळी उजवीपेक्षा सात मिलिमीटर आखूड होती. नख, पेरं, सुरकुत्या, सगळं जागच्या जागी, फक्त लहान. जन्मापासूनच असेल, आपण कधी मोजलं नसेल, असं मी ठरवून टाकलं. जे मी मोजलं नाही असं घरात फारसं काही नव्हतं, पण ते आठवणं तेव्हा सोयीचं वाटलं नाही.

रांजणाला एकोणीस दिवस लागले. मातीच्या मनगटाएवढ्या वळ्या करायच्या, एकीवर दुसरी चढवायची, आतून हातानं आधार देऊन बाहेरून लाकडी थापीनं थोपटायचं. दिवसाला तीनच वळ्या, नाहीतर खालची माती वजन पेलत नाही. पोटाचा फुगवटा जिथे सर्वांत मोठा होता तिथे मी सलग दोन तास श्वास धरल्यासारखी काम करत होते. गळा आवळत आणला आणि शेवटचा काठ ओल्या चामड्यानं फिरवून गुळगुळीत केला, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुली हातातलं काम टाकून दारात उभ्या होत्या. कुणी काही बोललं नाही. त्या शांततेची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

त्याच दिवसांत बाबांनी प्रदर्शनासाठी मला कोट शिवायला घेतला. राखाडी लोकरीचं कापड त्यांनी तीन वर्षं जपून ठेवलं होतं. "चांगल्या कारणाची वाट बघत होतो," म्हणाले. माप घेतलं: उंची एकशे त्रेसष्ट, बाही अठ्ठावन्न. दोन्ही त्यांनी टेपच्या आधीच सांगितली होती.

मग वाळवण. प्लास्टिकचं आवरण रोज थोडं थोडं उघडायचं. चार आठवड्यांत रांजण गडद करड्याचा फिका करडा झाला, हात लावला तर कोरडा लागायला लागला. रोज सकाळी मी मोजत होते. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस. कोपऱ्यात तड्याची फुलदाणी त्याच मातीची, तिनं मुकाट्यानं आपले सहा टक्के सोडले आणि वर तडाही घेतला.

मला त्या दिवसांत फार तहान लागायची. घटाघट पाणी प्यायचे तरी ओठ फुटायचे. चाकाचं पायडल लांब पडायला लागलं म्हणून मी स्टूल पुढे सरकवलं. बुटांच्या टोकांत कागद कोंबला.

"तू वाळलीस गं," तड्या म्हणाला. "काम खातंय तुला."

"खाऊ दे. चांगलं होतंय."

पहिली फिटिंग करायला बाबांनी मला दुकानातल्या आरशासमोर उभं केलं. कोट अंगावर चढवला आणि ते दोन पावलं मागे सरले. बाही बोटांच्या पेरांवर आली होती. खांदे उतरले होते. कोट वाईट शिवलेला नव्हता. तो दुसऱ्या कुणाचा तरी उत्तम कोट होता.

"अठ्ठावन्नच कापली होती," ते म्हणाले.

"थोडी लांब झाली असेल, बाबा."

"थोडी? साडेतीन आहे." त्यांनी टेप माझ्या हाताला लावली, मग उलटी करून लावली, मग कपाटातली कोरी टेप काढून लावली. "तुझी बाही साडेचोपन्न भरतेय."

"मागच्या वेळी चुकलं असेल."

हे मी बोलले. बाहेर आलेला शब्द मला दिसत होता आणि तो मागे घेता आला असता. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे. "असेल," म्हणाले. "वय झालं आता."

त्या संध्याकाळी मी दाराच्या चौकटीला पाठ टेकून डोक्यावर वही आडवी धरली आणि खूण केली. एकशे त्रेपन्न. चौकट खोटं बोलत नाही, फूटपट्टीही नाही. गणित करायला मला कागद लागला नाही: सहा टक्के.

पुढच्या आठवड्यात बाबांनी चष्मा केला. मग गिऱ्हाइकाचं माप ते तीन-तीनदा घ्यायला लागले आणि तरी कापताना कात्री हवेत धरून थांबायचे. एक दिवस त्यांनी एका लग्नाळू मुलाचा सूट शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याकडे पाठवून दिला. "नको, आपल्याकडून चूक व्हायला नको." त्यांचं ते नाकातलं हसू बंद झालं. मला एका वाक्यात ते परत देता आलं असतं. पण ते वाक्य बोलले असते तर त्यांनी मला भट्टीच्या आसपास फिरकू दिलं नसतं, म्हणून मी मूग गिळून बसले. याची मला लाज वाटते. गर्व आणि लाज एका वेळी वाटू शकतात, हे मला तेव्हा कळलं.

एरवी भांडं दोनदा भाजतात, एकदा झिलईआधी, एकदा नंतर; पण एवढं मोठं काम दोनदा हलवणं धोक्याचं, म्हणून कच्च्या मातीवरच झिलई फवारून रांजण एकदाच भाजायचं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी भट्टीच्या खोलीत मी एकटी होते. रांजण भट्टीच्या गाड्यावर चढलेला. माझ्या हातात थापी होती. कच्ची माती असते तोवर काहीही परत घेता येतं. एक फटका, पाण्याचा हौद, आणि चार दिवसांत पुन्हा चिखल. मी एकशे त्रेपन्नवर थांबले असते. बाबांना खरं सांगितलं असतं. भिंतीलगत चार वाडगे मांडले असते.

मी रांजणाभोवती एक फेरी मारली. कुठे भेग नव्हती. कुठे कलला नव्हता. पोटाची रेघ गळ्यापर्यंत एका दमात जात होती.

असं काम माझ्या हातून पुन्हा होईल की नाही, मला माहीत नव्हतं.

थापी मी खिळ्याला अडकवली.

भट्टी पहाटे लागली आणि दिवेलागणीला बंद झाली. मॅडम तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवून होत्या, मी बाकावर बसून. दुपारनंतर माझ्या अंगातून कढ निघायला लागले. कानात बारीक, एकसुरी आवाज. मनगटावरचं घड्याळ ढिलं होऊन कोपरापर्यंत सरकायला लागलं.

"घरी जा," मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"थांबते."

पाण्याची बाटली बाकावर ठेवून त्या पुन्हा काट्याकडे वळल्या.

दोन दिवस भट्टी थंड होत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं.

रांजण निळसर राखाडी, निर्मळ, उभा. तड्यानं तोंडात बोट घातलं, अगदी खरोखर. मॅडमनी टिचकी मारली आणि तो आवाज सरेपर्यंत हात वर धरून ठेवला.

एकशे अठ्ठेचाळीस.

मी त्याच्याजवळ गेले. काठ माझ्या डोक्याच्या वर होता.

प्रदर्शनाच्या सकाळी तो मधल्या चौथऱ्यावर होता. लोक आत यायचे आणि दारातच थबकायचे. मी शेजारी उभी होते, आईच्या जुन्या शालीत स्वतःला गुंडाळून. रांजणाशेजारी कुणीही लहानच दिसणार, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. इतका आनंद मला आयुष्यात झालेला नव्हता, हे मी कुणापासूनही लपवणार नाही.

बाबा दुपारी आले. काखेत कागदाचं पुडकं. त्यांनी कोट काढून झटकला आणि माझ्या पाठीमागे धरला. मी हात घातले. बाही मनगटाच्या हाडावर थांबली. खांदे खांद्यांवर बसले.

"माप कधी घेतलंत?"

"मला माप घ्यावं लागतं का?" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

मग ते रांजणाकडे वळले. बराच वेळ त्याच्या पोटावर तळहात ठेवून उभे राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्या तिघांना त्यांनी न विचारता सांगितलं, "माझ्या मुलीचं काम आहे."

संध्याकाळी एक वास्तुरचनाकार आले. त्यांच्या नव्या इमारतीच्या दाराशी अशीच जोडी हवी होती, दोन रांजण, याहून उंच. मला बघून ते हसले. "ही तर मूर्ती लहान, कीर्ती महान." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले होते. बाबा दोन पावलांवर उभे होते. त्यांनी कोटावरचा एक धागा उचलला आणि बोटाभोवती गुंडाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा उरलेलं राखाडी कापड टेबलावर पसरलेलं होतं.

"हे कशाला, बाबा? कोट झाला की."

"पुढच्या प्रदर्शनाला लागेल."

"मग माप तरी घ्या."

त्यांनी मान हलवली. टेप भिंतीवर होती, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. स्टुलावर चढून त्यांनी वरच्या फळीवरून लहान मुलांच्या कपड्यांचे पुठ्ठे काढले, धूळ फुंकली आणि त्यातला एक कापडावर ठेवला. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, वय आठ. हातात खडू घेऊन ते थांबले.

"दोन रांजणांना हो म्हणालीस ना?"

"हो."

त्यांनी तो पुठ्ठा बाजूला ठेवला, त्याच्या खालचे दोन सोडून तिसरा काढला आणि त्याभोवती खडू फिरवला, एका दमात. त्यावर वय पाच लिहिलं होतं.