जिथे पकडला, तिथेच

“हलू नका!”

आवाज भिंतीच्या वरून आला. गोड होता, पण हुकूम तो हुकूमच. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला टेकून, स्टुलावर बसून तो नुकता डबा उघडत होता. त्याने मान वर केली असती, पण नेमकं तेव्हाच डाव्या खांद्यावर काहीतरी खरखरीत, चार पायांचं येऊन बसलं. सरडा!

आता हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हा गडी लहानपणापासून सरड्यांना घाबरायचा. थोडाथोडका नाही, घरात पाल दिसली तरी टेबलावर चढून बसायचा आणि थोरली बहीण समजूत घालायला आल्याशिवाय उतरायचा नाही. तेव्हा आत्ता तो हलला नाही, यात त्याचं कर्तृत्व काडीचंही नव्हतं. भीतीने गारठला होता, एवढंच.

वरून एक लांब काठी आली. टोकाला दोऱ्याचा फास. फास त्याच्या कानाला चाटून गेला, खांद्यावरचं ओझं अलगद उचललं गेलं आणि भिंतीवर एक चेहरा उगवला. केसांत वाळकं पान, नाकावर मातीचा डाग, आणि डोळ्यांत एवढा आनंद…

“काय स्थिर बसता हो तुम्ही! पापणीसुद्धा हलली नाही!”

“सवय आहे,” तो म्हणाला. आवाज उगीचच भारदस्त आला.

“सरड्यांची?”

त्याने त्या डोळ्यांत बघितलं, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली. “फार आवडतात मला!”

भिंतीपलीकडे कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग होता. ती तिथे संशोधन करायची. भिंतीच्या अलीकडे तो आणि त्याची ताई कृत्रिम पाय बनवायचे. दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपच्या दारात हजर. तिला लाकडी दांड्या हव्या होत्या, मनगटाएवढ्या जाडपासून पेन्सिलीएवढ्या बारीकपर्यंत. त्याने त्या लेथवर इतक्या प्रेमाने घासल्या, की ताईने भुवया उंचावून विचारलं, “कुणाचे पाय आहेत रे एवढे नाजूक?”

दांड्या पोचवायला तो तिच्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथेच अडकला.

“सरडे पळवायच्या या पट्टीच्या टोकाला उभे राहाल जरा? सरडा पळत आला की या पिशवीत घ्यायचा. तुमच्यासारखा शांत माणूस मला कुठे मिळायचा!”

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, “हो.”

खांद्यावरच्या त्या सरड्याचं नाव तिने लंबू ठेवलं होतं. दगडी भिंतीवर राहणारा, लांब पायांचा. दुसरा कुंपणाच्या झुडपातला, बुटका. रुंद फळीवर लंबू सोडला तर डोळ्यांचं पातं लवायच्या आत पार. बुटका आपला रमतगमत येत राहिला.

“बिचारा,” तो म्हणाला.

“बिचारा? आता बघाच!”

तिने पेन्सिलीएवढी दांडी लावली. लंबू घसरला, एका नखावर लोंबकळला आणि खालच्या गादीवर धपकन पडला. बुटका मात्र घरच्या अंगणात फिरावं तसा पलीकडे गेला.

“भिंतीवर मांजर मागे लागतं, तिथे वेग हवा. झुडपात पकड हवी,” ती म्हणाली. तिचे हात बोलता बोलता पळत होते, चढत होते. “ज्याचे पाय जागेला जुळले नाहीत, तो कुणाच्या तरी पोटात गेला. ज्याचे जुळले, त्याची पोरं वाढली. असं पिढ्यान् पिढ्या.”

“आमच्याकडेही ताई पहिलं हेच विचारते… चालणार कुठे? जिन्यावर, शेतात, की फरशीवर? त्यावर पाय ठरतो.”

तिने एक पाय पुढे केला. “मग मी कुठे चालते, ओळखा.”

त्याने तिच्या चपलांकडे बघितलं. “चढउतार पुष्कळ. आणि… एका जागी फार थांबत नाही तुम्ही.”

“टाचेवरून कळलं?”

“नाही. कोपऱ्यातल्या त्या तुमच्या सामानाच्या खोक्यांवरून. अजून उघडलेलीच नाहीत.”

ती हसली, पण जरा उशिराने.

मग तो रोज जाऊ लागला. रोज पिशवी धरायचा, आणि रोज डोळे गच्च मिटायचा.

“डोळे का मिटता?” तिने एकदा विचारलं.

“पावलांचा आवाज ऐकतो.”

“सरड्याच्या?”

“अं… हो.”

“कमाल आहे,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून कसलंतरी बटण दाबत राहिली.

एका ढगाळ सकाळी वीज गेली होती आणि ऊब देणारा दिवा बंद होता. लंबू पट्टीवरून हलेना. तिने मागून बोट दाखवलं, तर त्याने वळून हा एवढा जबडा वासला. पिशवी धरून उभा असलेला तो दोन हात मागे सरला.

“चिडलाय का?”

“छे! गार पडलाय. अंगात ऊब असती तर पळाला असता. आता पाय उचलत नाहीत, म्हणून धाक दाखवतोय. आतून घाबरलेलाच असतो हो.” तिने लंबूला दोन्ही तळव्यांत धरलं. “थोडी ऊब मिळाली की येतो ताळ्यावर.”

त्या सरड्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच हेवा वाटला.

आणि मग एक दिवस ती म्हणाली, “मला दूरच्या एका बेटावर काम मिळालंय. दोन वर्षांचं. पुढच्या आठवड्यात निघायचंय.”

“अभिनंदन,” तो म्हणाला.

“बस? एवढंच?”

“हार्दिक अभिनंदन.”

संध्याकाळी ताईने कपाळावर हात मारून घेतला. “अरे धाकट्या, तोंड शिवलं होतं का तुझं?”

“ताई, तिला तो सरडे आवडणारा माणूस आवडतो. तो मी नाहीच. खरं सांगितलं तर ती उठून जाईल.”

“आणि नाही सांगितलं तर? तशीही जाणारच आहे ना?” ताई एका पायाचा पट्टा आवळत म्हणाली.

सरडे परत सोडायचा दिवस आला. तिचा नियम कडक होता. ज्याला जिथे पकडला, त्याला तिथेच सोडायचं, हातभरही इकडेतिकडे नाही. गार सकाळ होती. ती वर्कशॉपच्या मागच्या अंगणात, कुंपणाच्या झुडपापाशी ओणवी होऊन बुटक्याला सोडत होती.

“मदत करू?”

“काही गरज नाही.” तिने वळूनही बघितलं नाही. “मला एकटीला जमतं. कायम जमत आलंय. तुम्ही जा, तुमची कामं असतील.”

शब्द काळजाला लागले. तो वळला, चार पावलं गेलाही. मग त्याला तो वासलेला जबडा आठवला… आतून घाबरलेलाच असतो हो.

तो फाटकातून गेला नाही. भिंतीकडे गेला, आपल्या जुन्या स्टुलावर ताठ बसला आणि हाक मारली, “शेवटचा कोण राहिलाय?”

“लंबू. भिंतीवर सोडते.”

“भिंतीवर कसा? नियम म्हणजे नियम.” त्याने डावा खांदा पुढे केला. “इथे पकडला होता.”

ती पिशवी घेऊन हळूहळू जवळ आली. ओठांवर हसू येत होतं, डोळ्यांत पाणी.

“आधी एक ऐका,” तो घाईने म्हणाला. “मला सरड्यांची भयंकर भीती वाटते. त्या दिवशी मी स्थिर नव्हतो, गारठलो होतो. थाप मारली मी.”

“माहितीये.”

“काय? कधीपासून?”

“लंबू पिशवीच्या बाहेरून निघून गेला आणि तुम्ही डोळे मिटून ‘पकडला, पकडला’ ओरडलात, तेव्हापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर… तुम्ही यायचं थांबला असतात.”

तिने लंबूला खांद्यावर ठेवलं. त्याने स्टुलाची कड घट्ट धरली.

“डोळे मिट हवे तर,” ती हळूच म्हणाली. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं.

“नाही मिटणार.” आणि तो खरोखरच तिच्याकडे बघत राहिला. “मला तू आवडतेस. सरडे नाही. तू. पहिल्या दिवसापासून.”

“हे तुला आधी नाही सांगता आलं?”

“घाबरलो होतो.”

“मीसुद्धा. म्हणून तर मघाशी तोंड वासलं एवढं.” ती हसली, नाक पुसलं आणि त्याच्या डाव्या बाजूला, उलट्या खोक्यावर बसून त्याच्या बोटांत बोटं अडकवली.

लंबू जागचा हलेना.

“हा जात का नाही?”

“गार आहे. तुझी ऊब घेतोय. बसू दे.”

“त्या बेटावर…” त्याने विचारलं. “सरडे मोठे असतात?”

“हाताएवढे.”

त्याने खांद्यावरच्या लंबूकडे तिरकं बघितलं. “ताईला सांगतो. सुट्टी काढून येईन मी… टेबल आहे ना तिथे? चढायला?”

ती खळखळून हसली. तेवढ्यात भिंतीवरून ऊन उतरलं. लंबूने मान वर केली, आणि सरसर दंडावरून, त्या दोघांच्या एकमेकांत अडकलेल्या बोटांवरून पळत थेट भिंतीवर चढला. तरी या गड्याने हात सोडवून घेतला नाही. सुटकेचा मोठा श्वास टाकून तो उठू लागला.

“हलू नकोस,” ती म्हणाली, आणि त्या रिकाम्या झालेल्या खांद्यावर तिने डोकं टेकलं.