कमानीच्या माथ्यावर

पहिली भेट म्हणजे चक्क टक्कर. कमानीच्या साच्याखालचे टेकू तपासत मी खाली मान घालून, वाकून पुढे पुढे सरकत होते, पलीकडून तोही तसाच. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. घरमालकांच्या पाहुण्यांनी इकडे फिरकू नये, असं त्याने मला ऐकवलं. मी म्हटलं, पाहुणी नाही, या कमानीचा आराखडा मीच काढलाय! त्याचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना.

तो ठेकेदाराचा इंजिनिअर. ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत काँक्रीटची कमान आणि तिच्यावर घर, असं ते काम. रोज चहा, रोज वाद. सळ्यांवरून भांडता भांडता मी त्याच्यात कधी गुंतले... देव जाणे.

कमान भरायच्या दिवशी तो पलीकडच्या काठावर, मी अलीकडच्या. काँक्रीट दोन्हीकडून सारखंच वर चढवायचं; एक बाजू पुढे गेली तर खालचा टेकूंवरचा साचा कलतो आणि कमान बिघडते. सकाळीच मुकादम म्हणाला, पलीकडचे साहेब आज संध्याकाळच्या गाडीने दुसऱ्या कामावर चालले, ते कायमचेच. मी नुसतं "बरं" म्हटलं. पण मग सारखी घड्याळाकडे बघत राहिले.

दुपारी नेमका माझ्याकडचा पंप रुसला. बघते तर त्याची बाजू भराभर वर! आता थांबवलं, तर माथ्यावर भेटायच्या आत त्याची गाडी निघणार. तरी फोन लावला.

"काम थांबवा. तुमची बाजू पुढे गेलीय."

"माथ्यावर लवकर पोचायचं होतं."

"का?"

"तिथे तुम्ही येणार ना..."

"तरी थांबवा," कसंबसं म्हटलं. त्याने निमूट थांबवलं. पंप सुरू होईपर्यंत मी स्वतःवरच चरफडत होते.

माथ्यावर शेवटचं काँक्रीट पडलं, तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याच्या गाडीची वेळ टळून गेली होती. तो मात्र समोर उभा, नखशिखांत माखलेला.

"गाडी चुकली तुमची," मी म्हटलं.

"सोडली. तुम्ही थांबवलंत ना, तेव्हा हात रिकामे होते. ठेकेदारांना फोन केला — काँक्रीट पक्कं होऊन टेकू निघेपर्यंत इथेच राहतो म्हटलं. कुरकुरले, पण तयार झाले."

"आणि टेकू निघाल्यावर?"

एरवी हुज्जत घालणारा माणूस, आज त त प प! "मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पुढचं तुम्ही सांगा."

"रविवारी घरी या. आईला सांगून ठेवते."

"काय सांगाल?"

"हेच — मला एक माणूस आवडलाय, आणि तो फार भांडतो."