पल्लवीची पाणथरी

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर पल्लवीनं हौसेनं मिसळ मागवली आणि दोन घासांत बशी सरकवली. समोरच्या बाकावरचा पोरगा हसला.

“तिखट लागली?”

“नाय... पोट भरलं.”

“एवढ्यात? डाव्या बरगडीखाली जड वाटतं? खांदापण दुखतो?”

पल्लवीनं डोळे वटारले. “तुमी डॉक्टर काय?”

“नाय गो, शहापूरला मोबाइल दुरुस्त करतो. आमच्या वहिनीला अस्संच व्हायचं. पाणथरीत, म्हंजे प्लीहेत, पाण्याची गाठ निघाली.”

पोरगा आगाऊ होता, पण दिसायला गोड. नाव बुद्धभूषण, हाक भूषण. उद्या आई धसईच्या जाणत्याकडं नेऊन पोटावर तापल्या विळ्याचा डाग द्यायला लावणार, हे तिनं त्याला सांगूनही टाकलं.

“डाग? वर चामडी जळंल, आतली गाठ हाय तिथंच! आणि जाणत्यानं पोट दाबताना ती फुटली तर जिवावर बेतंल. तू आधी सोनोग्राफी कर.”

तो ‘तू’वर आला होता. तिला ते आवडलं.

पल्लवीनं हट्ट धरून आईला डागाआधी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत मोसंबीएवढी गाठ दिसली. मग सीटी स्कॅन, रक्ततपासणी. डॉक्टर म्हणाले, “कॅन्सर नाही, जंतांचीही गाठ नाही. लहान असती तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. पण ही जठर दाबतेय, म्हणून जेवण जात नाही. दुर्बिणीतून काढू, पाणथरी शक्यतो वाचवू. पण ती काढावीच लागली तर पुढं जंतुसंसर्गाची भीती, म्हणून आधी लसी घ्यायच्या.”

आई, रत्नप्रभा, घरी येऊन रडली. “पोट कापलेल्या पोरीला कोण करंल? त्यापरीस डाग बरा!”

पल्लवी सुईला भ्यायली नव्हती, या वाक्याला भ्यायली. रोज संध्याकाळी भूषणचा फोन यायचा, आणि तिचा जीव त्याच्यात पुरता अडकला होता. त्या दिवशी ती फोनवर म्हणाली, “ऑपरेशन नको... डागच घेते.” आईचं ते वाक्यही सांगून बसली.

दुसऱ्या दिवशी भूषण वहिनीला घेऊन थेट दारात!

“मावशी, पल्लवीला मागणी घालायला आलोय.”

रत्नप्रभा गडबडली. “अरे, पण ऑपरेशन... ते झाल्यावर बघू ना!”

“नाय मावशी. नंतर विचारलं तर ही जन्मभर म्हणंल, दया आली म्हणून केलंस.”

पल्लवी लाजली, पण गप्प बसेल तर ती पल्लवी कसली!

“मग मीपण आजच हो म्हणते. नंतर म्हटलं तर हा गावभर सांगंल—भुलीच्या गुंगीत हो म्हणाली!”

वहिनी खो-खो हसली. रत्नप्रभानं पदरानं डोळे पुसले.

“डॉक्टरनं ऑपरेशनला कधी बोलावलंय गो?” तिनं विचारलं.